सेंट पॅट्रिक्स डेच्या जेवणाची तयारी

१७ मार्चला, आयर्लंडच्या या सणाला, घरी आठ जणांना जेवायला बोलावलं असेल, तर चार-पाच दिवस आधी बुचरकडे जाऊन सांगून ठेवा. आयर्लंडमध्ये या दिवसाचं घरचं जेवण म्हणजे बेकन आणि कोबी. त्यासाठी न्याहारीच्या पातळ चकत्या उपयोगाच्या नाहीत. डुकराच्या मांसाचा मिठात मुरवलेला, न शिजवलेला अख्खा तुकडा लागतो, साधारण २ किलो. कमरेकडचा तुकडा छान कापला जातो, पण खांद्याचा स्वस्त आणि जास्त रसाळ. मी खांद्याचाच घ्यायला सांगेन. मांस कितपत खारट आहे हेही तिथेच विचारून घ्या. कॉर्न्ड बीफच्या (मिठात मुरवलेल्या गोमांसाच्या) मागे लागू नका, ती अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांची रीत. आणि खाण्याच्या पदार्थांत हिरवा रंग तर अजिबात नको; कोबी, पार्सली आणि कांद्याची पात पुरेशी हिरवी असते.

बाकीची खरेदी दोन दिवस आधी केली तरी चालते. बटाटे मात्र निवडून घ्या. उकडल्यावर फुटून पिठूळ होणारे हवेत, म्हणजे लाल सालीचे रूस्टर किंवा कर्स पिंक. नवे, चिकट बटाटे कुस्करले की त्यांची खळ होते. कोबीचे दोन टोकदार गड्डे, कांद्याच्या पातीच्या दोन जुड्या, पार्सली, दूध, भरपूर खारं लोणी आणि लिटरभर ताक. मैदा ‘क्रीम फ्लोअर’ लिहिलेला घ्या, सेल्फ रेझिंग नको. खायचा सोडा आयर्लंडमध्ये ‘ब्रेड सोडा’ या नावाने मिळतो. पुण्या-मुंबईत हा बेत करणार असाल, तर ताक दाट, आंबट आणि मीठ-जिरं न घातलेलं हवं.

आदल्या रात्री बेकन थंड पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी ते पाणी ओता, नवं थंड पाणी घालून उकळी आणा. वर पांढरा फेस जमला तर मीठ अजून भरपूर आहे. तेही पाणी फेकून पुन्हा सुरुवात करा. मग मंद आचेवर दर ४५० ग्रॅमला २० मिनिटं आणि वर आणखी २०, म्हणजे २ किलोला पावणेदोन तास धरा. कोबी चिरून शेवटी याच पाण्यात जातो, त्यात वेगळं मीठ घालायचं नाही. पाहुण्यांत कुणी शाकाहारी असेल तर त्यांचा कोबी आठवणीने वेगळ्या पातेल्यात, लोण्यावर परता. हे आधी ठरवलं नाही तर ऐन वेळी राहून जातं.

सोडा ब्रेडला सगळ्यात कमी वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त लक्ष. ओव्हन आधी २३० अंशांवर तापू द्या. ४५० ग्रॅम मैदा, एकेक चमचा मीठ आणि सोडा दोनदा चाळा, कारण सोड्याची गुठळी राहिली तर तो घास कडू लागतो. मध्ये खळगा करून साडेतीनशे मिलिलिटर ताक ओता आणि बोटं फाकवून गोल फिरवत पीठ गोळा करा. कोरडं वाटलं तरच आणखी थोडं ताक. मळू नका. ताक लागताच सोडा फसफसायला लागतो, म्हणून पीठ ताटकळत ठेवायचं नाही. दीडेक इंच जाड गोल थापून, वर सुरीने खोल फुली मारून लगेच आत ढकला. १५ मिनिटांनी आच २०० वर आणून आणखी अर्धा तास. पालथा करून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

बेकन शिजत असतानाच बटाटे सालीसकट उकडा आणि गरम असतानाच सोला. पात बारीक चिरून दुधात उकळा आणि ते दूध कढत असतानाच कुस्करलेल्या बटाट्यांत घाला. हा चँप. वाढताना प्रत्येक ताटलीत त्याचा ढीग करून मध्ये खळगा करायचा आणि त्यात लोण्याचा गोळा सोडायचा. कडेचा बटाटा त्या वितळत्या लोण्यात बुडवत खातात. लोण्यात काटकसर करणार असाल तर चँप करूच नका.

पार्सलीचा सॉस लोणी, मैदा आणि दुधाचा, दहा मिनिटांचं काम. गोडासाठी सफरचंदाचा टार्ट आदल्या दिवशी करून ठेवा.

हा दिवस लेंटच्या उपवासकाळात येतो, पण सणापुरती सूट घ्यायची जुनी पद्धत आहे, त्यामुळे लोक मनापासून जेवतात. तरीही बेकन उरलंच, तर दुसऱ्या दिवशी थंडच कापून ब्रेडबरोबर खा, आणि उरलेला चँप तव्यावर लोण्यात खरपूस परता.