नवं लॅमिनेट टाकण्याआधी स्कर्टिंग काढून मागे बघा

पहिल्यांदा जमिनीवर लॅमिनेटच्या फळ्या टाकल्या तेव्हा मला घाई झाली होती. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीपाशी स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या तळाशी ठोकलेल्या पट्टीची, खालची कड फुगलेली दिसत होती. मी ती सँडपेपरने घासली, वर रंग मारला आणि फळ्या टाकून मोकळी झाले. वर्षभरात त्या कोपऱ्यातल्या फळ्यांच्या कडा उचलल्या आणि सकाळी खोलीचं दार उघडलं की कुबट वास नाकात शिरू लागला. सगळं उचकटल्यावर खालचा फोम काळा निघाला. दुसऱ्यांदा मात्र कामाला सुरुवातच स्कर्टिंग काढण्यापासून केली.

काढण्याआधी खोलीभर गुडघ्यांवर फिरून घ्या. फुगलेली कड, सुटलेले पोपडे, भिंतीच्या तळाशी गडद झालेली रेघ, खिळ्यांच्या डोक्यांभोवती गंजाचे डाग, यातलं जे दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. बाथरूमची भिंत, बाहेरची भिंत आणि कपाटामागची भिंत आधी तपासा. जुनी व्हिनाइल टाइल किंवा तिच्याखालचा काळा गोंद दिसला तर घासू नका, फोडूही नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक असलेले खनिज तंतू) असू शकतं, म्हणून आधी नमुना तपासून घ्यायचा.

आता पंखा आणि एसी बंद. हे मी विसरले होते आणि बुरशीची भुकटी खोलीभर उडवून बसले. खिडकी उघडी, आतलं दार बंद, एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. स्कर्टिंगच्या वरच्या कडेला रंगाचा जो थर भिंतीला चिकटलेला असतो तो कटरने कापा, नाहीतर स्कर्टिंगबरोबर भिंतीचा रंगही सोलून येतो. मग कोपऱ्यापासून पुट्टी लावायची रुंद पट्टी आत सरकवा, तिच्यामागे लाकडाचा पातळ तुकडा ठेवा आणि त्याच्यावर जोर देऊन चपटी पहार हळूहळू फिरवा. तुकडा न ठेवता पहार थेट भिंतीवर टेकवली तर गिलावा फुटतो. निघालेल्या प्रत्येक पट्टीच्या पाठीवर नंबर घाला, म्हणजे परत बसवताना कोडं पडत नाही. खिळ्यांची टोकंही बघा: चकचकीत असतील तर बरं, गंजून बारीक झाली असतील तर ओल बरीच जुनी आहे.

मागे काळं-पांढरं काही दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. पांढरं आणि खरखरीत असेल तर त्यावर पाण्याचा फवारा मारा. लोणा (ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार) पाण्यात विरघळतो, बुरशी विरघळत नाही. बोटाखाली ती केसाळ किंवा चिकट लागते आणि पुसताना पसरते. फटीतून वारा येत असेल तर तिथे साधी धूळही काळी रेघ धरते, पण ती कोरड्या फडक्याने निघते आणि तिला वास नसतो. रंगावरून बुरशीची जात ओळखायच्या फंदात मी पडत नाही. काळी असो वा हिरवी, काढायची आणि पाणी शोधायचं.

एक मर्यादा मात्र पाळा. बुरशी साधारण १० चौरस फुटांहून जास्त पसरली असेल, सांडपाणी शिरलं असेल किंवा घरात कुणाला दमा असेल, तर हे काम जाणकारांकडे द्या.

पाणी कुठून येतं हे शोधण्यात माझे तीन आठवडे गेले. एवढी चिकाटी बाकी कुठल्याच टप्प्याला लागली नाही. आधी घरातले सगळे नळ बंद करून तासभराने पाण्याचा मीटर बघितला. काटा हलला असता तर नळीत गळती. तो जागचा हलला नव्हता. मग भिंतीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवला. पाणी खोलीच्या बाजूला जमलं तर हवेतली वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसतेय, फॉइलच्या मागे जमलं तर ओल भिंतीतूनच येतेय. माझ्याकडे मागे जमलं. शेवटी चार दिवस ते बाथरूम कुणी वापरलंच नाही आणि भिंत सुकायला लागली. शॉवरखालच्या टाइल्समधलं ग्राउट (फटी भरायचं मिश्रण) झिजलं होतं, बाकी काही नाही. सगळ्या भिंतीभर सारख्या उंचीवर ओलीची रेघ असेल तर पाणी जमिनीतून चढतंय. बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा उंच नाही ना, हेही बघा. आणि रोज पाणी ओतून फरशी पुसायची सवय असेल तर चोर घरातच आहे.

पाणी थांबल्यावरच साफसफाई. एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचं) फुगलेलं स्कर्टिंग वाचवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून टाकून द्या. जिप्सम बोर्डवरचा कागद म्हणजे बुरशीचं जेवणच, त्यामुळे डाग दिसतो त्याच्याही वीतभर पलीकडपर्यंत बोर्ड कापा. पक्का गिलावा आणि सलग लाकूड मात्र साबणाच्या पाण्याने ब्रश मारून साफ होतं. आधी थोडं ओलं करा, कोरडं घासलं की बुरशी हवेत उडते. भुसभुशीत गिलावा सरळ झाडून टाका. ब्लीच मी वापरत नाही. ते गिलाव्यात किंवा लाकडात आतपर्यंत जात नाही, आणि मेलेली बुरशीसुद्धा अ‍ॅलर्जी देते, म्हणून ती पुसून काढावीच लागते. वापरायचंच असेल तर व्हिनेगर किंवा अमोनियाच्या क्लीनरबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

आता सुकवणं. बुरशी निघाल्यानंतरच पंखा लावा, तोंड खिडकीबाहेर. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. ओलसर वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी पुन्हा धरू शकते, त्यामुळे रात्री पंखा बंद करायचा मोह टाळा. वरून कोरडं वाटलं तरी काँक्रीट आत ओलं असतं. जाड पारदर्शक प्लास्टिकचा ४५ सेंटिमीटर बाजूचा चौकोन जमिनीवर चारी बाजूंनी टेपने बंद करा आणि निदान १६ तास ठेवा. मी दोन दिवस ठेवते. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळवंडलं तर थांबा. कोरडं निघालं तरी तेवढ्यावर विसंबू नका. लॅमिनेटच्या खोक्यावर ओलाव्याची मर्यादा छापलेली असते, ओलावा मोजायच्या मीटरने जमीन त्या मर्यादेत आहे ना ते बघा. खाली लाकडी फळ्या असतील तर बऱ्याच कंपन्या १२ टक्क्यांच्या आत मागतात.

काँक्रीटवर लॅमिनेट टाकताना प्लास्टिक शीटचे जोड २० सेंटिमीटर एकमेकांवर घेऊन टेप लावा. ही शीट जमिनीतली थोडी वाफ अडवते. गळती चालू असेल तर तेच पाणी ती झाकून ठेवते, आणि माझं पहिल्यांदा नेमकं तेच झालं. भिंतीपाशी ८ ते १० मिलिमीटर फट सोडा. नव्या स्कर्टिंगची पाठ आणि खालची कड बसवण्याआधी रंगवा. ठोकायचं ते भिंतीत, लॅमिनेटमध्ये नाही.

बाथरूमच्या बाजूची एक पट्टी मी खिळ्यांऐवजी दोन स्क्रूंवर बसवली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी काढते, टॉर्च मारते, वास घेते आणि परत लावते. घरचे हसतात.