सतरा घरं: आपल्या रस्त्यावरचा विकिपीडिया लेख संपादित करणाऱ्या नवख्यांसाठी

खातं उघडणं, धूळपाटीवर सराव करणं, संदर्भ जोडणं हे तुम्हाला येतंय असं धरून चालते. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. आपण हौसेने आपल्या रस्त्यावरच्या लेखात एक ओळ घालतो, एक दिवस ती उडालेली दिसते, आणि डोकं फिरतं. तिथून पुढे मी जे जे केलं ते तुम्ही करू नका.

माझं लहानपण बडोद्यात दांडिया बाजारात गेलं. आजोबा संध्याकाळी ओटल्यावर बसून सांगायचे की पूर्वी इथे पालख्यांचे आणि निशाणांचे दांडे घडवणाऱ्यांची सतरा घरं होती, त्यावरून बाजाराला हे नाव पडलं. ते गेले त्या वर्षी मी इंग्रजी विकिपीडियावरच्या लेखात ती ओळ घातली. संदर्भ दिला नाही. ज्यांच्या तोंडून ऐकलं ते आजोबाच माझ्यासाठी पुरेसे होते.

वर्षभर कुणी हात लावला नाही. मग एका सदस्याने ‘संदर्भ नाही’ एवढंच लिहून ती काढली. मी परत घातली. त्यांनी परत काढली. त्यांचा बदल उलटवताना, म्हणजे रद्द करताना, मी संपादन सारांशात (बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत) ‘उत्पात’, म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस, असा शब्द वापरला. हे अजिबात करू नका. समोरचा तुमच्याशी असहमत आहे म्हणून तो उत्पाती ठरत नाही, आणि तो शब्द वाचल्यावर तिऱ्हाईत माणूसही तुमच्याच विरोधात जातो. एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की नियमभंग होतो. माझं चौथं उलटवणं रात्री साडेअकराला झालं आणि सकाळी खात्यावर एक दिवसाची बंदी होती. तीन वेळा उलटवायचा हक्क आहे असाही अर्थ काढू नका, दोनदा उलटवूनही बंदी येऊ शकते.

बंदीला घाबरू मात्र नका. त्या दिवशी मी रडले, पण चोवीस तास संपल्यावर कुणी मला वेगळं वागवलं नाही. नोंद राहते, तिच्यासकट काम करता येतं.

खरा सापळा पुढे होता. बंदीनंतर दोनेक महिन्यांनी एका गुजराती वर्तमानपत्राच्या पुरवणीत शहरातल्या जुन्या बाजारांवर लेख आला. त्यात दांडिया बाजाराच्या नावाची हीच हकिगत होती, अगदी सतरा घरांसकट. माझा आनंद मावेना. छापील संदर्भ मिळाला! ओळ परत घातली, पुरवणीचा संदर्भ जोडला आणि चर्चापानावर लिहिलं, ‘बघा, सतरा हा आकडासुद्धा जुळतोय.’

त्या सदस्यांनी उत्तरात फक्त दोन तारखा दिल्या. एक माझ्या पहिल्या संपादनाची, दुसरी पुरवणीची. मधे जवळजवळ सव्वा वर्षाचं अंतर होतं.

मी बराच वेळ त्या तारखांकडे बघत बसले. सतरा हा आकडा आमच्या ओटल्यावरचा होता. आमच्या पोळात, म्हणजे गल्लीतल्या वस्तीतसुद्धा, दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी तो कधी ऐकला नव्हता. पुरवणीच्या लेखकाला तो मिळाला विकिपीडियावरून, म्हणजे माझ्याकडूनच, आणि मी तोच त्याच्याकडून पुरावा म्हणून परत आणला होता. एकाच माणसाची साक्ष दोनदा मोजली गेली, आणि ती दोनदा मोजणारी मीच होते.

हे नीट समजून घ्या, कारण रस्ते, पेठा, पोळ, देवळं यांच्या लेखांत हे सतत होतं. या विषयांवर छापील मजकूर कमी. त्यामुळे लिहिणारा पहिल्यांदा विकिपीडिया उघडतो, ओळ उचलतो, कुठून घेतली ते सांगत नाही. छापून आलं की ती ओळ प्रतिष्ठित होते. मग दुसरं वर्तमानपत्र पहिल्यावरून घेतं, पर्यटनाचं माहितीपत्रक दुसऱ्यावरून, आणि तीन संदर्भ जमले असं तुम्हाला वाटतं. असतो एकही नाही.

म्हणून कुठलाही संदर्भ जोडण्याआधी लेखाच्या ‘इतिहास पहा’मध्ये जा. तिथे वरच, एखादी ओळ लेखात कधी आली ते शोधून देणाऱ्या साधनाचा दुवा असतो. ओळ लेखात आधी आणि छापून नंतर आली असेल तर थांबा. ओळीतला एखादा विचित्र तपशील, आकडा किंवा चुकीचं स्पेलिंगसुद्धा जसंच्या तसं छापलेलं दिसलं तर ती उचललेली आहे असंच समजा. पुस्तक असलं तरी हेच तपासा. जाड पुठ्ठ्याचं आहे म्हणून ते सुटत नाही.

सगळ्यात सुरक्षित म्हणजे २००१ च्या आधीचं छापील. तेव्हा विकिपीडियाच नव्हता. बडोद्यासाठी मुंबई गॅझेटियरचा १८८३ चा सातवा खंड आहे, देसाई आणि क्लार्क यांचं १९२३ चं बडोदा राज्याचं गॅझेटियर आहे. शोधताना रोमनमध्ये जुनं ‘बरोडा’ हे स्पेलिंग टाका, ‘वडोदरा’ टाकून १९७४ च्या आधीचं फारसं हाती लागणार नाही. आणि जमेल तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसा. सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेलं हे ग्रंथालय. तिथली एक दुपार घरच्या दहा रात्रींपेक्षा जास्त देते, हे माझं ठाम मत आहे.

यंत्राकडून, म्हणजे एआय चॅटबॉटकडून, संदर्भ मागू नका. पान क्रमांकासकट खोटा संदर्भ मिळतो आणि तुमचं नाव खराब होतं. दुसरं, मला एका जुन्या संपादकाने सल्ला दिला होता की भावंडांना खाती उघडायला सांग, सगळे मिळून उलटवा. असा गुरू भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. तिथे डोकी मोजत नाहीत, आणि अशी खाती पकडली जातात. दोघांतच वाद अडकला असेल तर चर्चापानावर नीट बोलून झाल्यावर ‘तिसरं मत’ मागायची सोय आहे, ती वापरा. मी वापरली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि भिऊन लिहिणं सोडू नका. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा भित्तिचित्रांचा वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, या ओळी कुणी उडवत नाही. कागद मागे उभा असेल तर ओळ टिकते. आजोबांची गोष्ट खोटी ठरली असं कुणी म्हटलेलं नाही. विकिपीडिया ही तिची जागा नव्हती, एवढंच. मी ती आत्याकडून पुन्हा ऐकून फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवली आहे.

पुरवणीचा तो लेख मात्र अजून सापडतो. मधून मधून कुणी नवा सदस्य त्याचा संदर्भ देऊन सतरा घरं परत लेखात घालतो. गेल्या दिवाळीत एकाने घातली, मी काढली, आणि तो माझ्यावर चिडला. त्याला मी चर्चापानावर लिहिलं, ‘नमस्कार, ही ओळ माझ्या आजोबांची आहे. कृपया या दोन तारखा बघा.’