कोकणात इलेक्ट्रिक गाडी घेताय? आधी घराचं अर्थिंग तपासा

इलेक्ट्रिक गाडी बुक करताना सगळे रेंज विचारतात. गाडी कोकणातल्या घरी लावायची असेल, कायमची किंवा गणपती-शिमग्यापुरती, तर त्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग, म्हणजे सॉकेटच्या तिसऱ्या पिनची खड्ड्यात पुरलेल्या पाइपमार्फत जमिनीशी असलेली जोडणी, तपासून घ्या. नव्या मालकांची पहिल्या महिन्यातली बहुतेक रड इथेच असते. गाडी दारात, चार्जर सॉकेटमध्ये आणि चार्जरवर लाल दिवा. गाडीत काहीच बिघाड नसतो. तिसऱ्या पिनला जमीन मिळत नाही हे चार्जरला कळतं आणि तो वीज सोडत नाही. फ्रिज, मिक्सर, पंप अर्थिंगशिवायही चालतात, म्हणून घरात ते नाही हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलेलं नसतं.

कोकणात ही अडचण जास्त येते ती जांभ्यामुळे. कातळावरच्या किंवा सड्यावरच्या घराखाली माती हातभर असते, खाली दगड. पावसाळ्यात ओल असते तोवर अर्थिंग ठीक लागतं. फेब्रुवारीनंतर जमीन सुकते आणि तोच खड्डा निकामी होतो. जुलैत तपासून घेतलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये दगा देतं, म्हणून तपासणी उन्हाळ्यात करा.

मल्टिमीटरने आधी तीन आकडे घ्या. फेज (जिवंत तार) ते न्यूट्रल (परतीची तार) २२० ते २४० व्होल्ट. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, तेही घरात पंप किंवा गिझर चालू असताना. एवढ्यावर मात्र थांबू नका. मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे गंजून शेवटच्या धाग्यावर आलेली अर्थची तारही त्याला चांगली दिसते. अर्थ टेस्टर असलेला इलेक्ट्रिशियन शोधा आणि रोध ओहममध्ये मोजून घ्या. ५ ओहमच्या आत आला तर निश्चिंत राहा.

इथे एका गोष्टीला ठाम नकार द्या. लाल दिवा जात नाही म्हटल्यावर सॉकेटच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देणारे वायरमन भेटतात. पाच मिनिटांचं काम, दिवा लगेच हिरवा होतो. पण वादळात झाडाची फांदी पडून खांबावरची न्यूट्रल तुटली की ती पिन घरातल्या उपकरणांमधून फेजवर येते आणि गाडीचा अख्खा पत्रा जिवंत होतो. ओल्या खळ्यात अनवाणी उभं राहून दाराला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. असा जोड दिसला तर तो काढून टाकल्याशिवाय गाडी लावू नका.

नवं अर्थिंग करताना जागा निवडण्यात निम्मं यश आहे. घराच्या पायाशी कातळ फोडत बसण्यापेक्षा जिथे बारमाही ओल असते तिथे जा: न्हाणीचं पाणी जातं ती बाजू, माडाचं किंवा केळीचं आळं. पिण्याच्या विहिरीपासून मात्र लांब. ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप उभा पुरायचा. तेवढी खोली मिळाली नाही तर दोन इलेक्ट्रोड (असेच पुरलेले पाइप) घाला, त्यांच्यात किमान अडीच-तीन मीटर अंतर ठेवा आणि दोन्ही जाड पट्टीने जोडा. भरावात कोळसा-मीठ घालायची पद्धत जुनी आहे, पण मीठ लोखंडही खातं आणि पावसात वाहूनही जातं. बेंटोनाइट मातीचं तयार मिश्रण थोडं महाग पडलं तरी जास्त टिकतं. वरून छोटं चेंबर बांधा आणि होळीपासून मिरगापर्यंत आठवड्याला बादलीभर पाणी घाला. पट्टी आणि पाइप जोडणारा नट दरवर्षी उघडून बघा. समुद्राकाठी तो आधी सडतो.

तार, सॉकेट, स्विच

गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा असतो. म्हणजे १५ अँपिअर, तेही सलग सात-आठ तास. गिझरही तेवढाच ओढतो, पण वीस मिनिटं. म्हणून गिझरला चालणारं सॉकेट गाडीला चालेलच असं नाही. आतला स्क्रू थोडा जरी सैल असला तरी तिथे उष्णता साठते, प्लास्टिक तपकिरी पडतं, मग पिन चिकटते. चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगला हात लावा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद करून सॉकेट बदला.

मीटरपासून थेट वेगळी लाइन ओढा. अंतर २५-३० मीटरपर्यंत असेल तर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरे, ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवायचा तर ३२ अँपिअर धरून किमान ६ चौरस मिलिमीटर, आणि गाडी बागेच्या टोकाला उभी राहणार असेल तर १०. साध्या सॉकेटऐवजी निळं औद्योगिक सॉकेट लावा, त्याच्या पिना घट्ट बसतात. लाइनच्या सुरुवातीला २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की पडणारा स्विच (७.२ किलोवॅटला ४०), आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवाच. आरसीसीबी घेताना ‘टाइप ए’ आहे ना, ते वाचून घ्या. दुकानात हातात देतात तो बरेचदा ‘टाइप एसी’ असतो आणि गाडीच्या चार्जरमधली गळती त्याला नीट ओळखता येत नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडते, त्यासाठी सर्ज प्रोटेक्शनही बसवा. ते असलं तरी गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावा. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच वापरू नये. ही लाइन घरच्या इन्व्हर्टरवर टाकू नये, तो तेवढा भार घेऊच शकत नाही.

वाडीतलं शेवटचं घर असेल तर संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज १८०-१९० वर येतं, गणपतीत आणखी खाली. चार्जर मध्येच थांबतो आणि सकाळी गाडी अर्धीच भरलेली सापडते. रात्री अकरानंतरची वेळ लावून ठेवा, आणि करंट कमी करायची सोय असेल तर १० अँपिअरवर ठेवा. वेळ जास्त लागेल, पण चार्जिंग तुटणार नाही.

बिलावरचा ‘मंजूर भार’ बघा. गावच्या कित्येक घरांचा तो एक-दोन किलोवॅट असतो आणि गाडी एकटीच ३.३ घेते. भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे गाडी यायच्या आधी करा. खर्चाचा हिशोब असा: युनिटला ७ किलोमीटर धरले तर महिन्याच्या १,००० किलोमीटरना चार्जिंगमधली घट धरून साधारण १६० युनिट लागतात. घरचा वापर २०० असेल तर एकूण ३६० होतात आणि वरचे ६० युनिट ३०० च्या पुढच्या महाग टप्प्यात जातात. गाडीसाठी वेगळ्या दराचं वेगळं मीटर घेता येतं. रोज फिरणाऱ्याने त्याची चौकशी जरूर करावी. वर्षातून चार वेळा उघडणाऱ्या घराला त्याचा स्थिर आकार भरत बसण्यात अर्थ नाही.

घाट आणि रेंज

जाहिरातीतल्या रेंजच्या ६५-७० टक्के धरून चाला. कोकणातले चाळीस-पन्नासच्या वेगाचे वळणाचे रस्ते या गाड्यांना मानवतात. बॅटरी संपते ती महामार्गावर शंभरच्या वेगात आणि घाटात.

घाटाचा हिशोब सोपा आहे. माणसं-सामानासकट १,७०० किलोची गाडी १०० मीटर उंच चढवायला अर्धा युनिट लागतो, तोही रस्त्याच्या नेहमीच्या खर्चाव्यतिरिक्त. सावंतवाडीहून आंबोली साधारण ३० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ. अंतराचे सव्वाचार, चढाचे तीन, म्हणजे सात-साडेसात युनिट. पडद्यावरची रेंज ३० ऐवजी ५० किलोमीटरने उतरते आणि नवा माणूस घाबरतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना चढ जवळपास १,३०० मीटरचा. तिथे १२ युनिट बाजूला ठेवा. ३० युनिटच्या बॅटरीचा हा ४० टक्के भाग झाला. कुंभार्ली, आंबा, फोंडा हे चढ आंबोलीच्याच हिशोबात धरा.

उतरताना चढाच्या खर्चातली निम्म्याहून थोडी जास्त वीज रीजनमधून, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज बनवते त्यातून, परत मिळते. फक्त बॅटरी गच्च भरलेली नको. वर मुक्काम करून १०० टक्के भरून निघालात तर पहिल्या वळणांवर रीजन जवळजवळ नसतंच, गाडी मोकळी धावते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर ८५ टक्क्यांना थांबा.

पनवेल ते सावंतवाडी महामार्गावर चार्जर मिळतात. किनाऱ्याकडे उतरलं की ते विरळ होतात. म्हणून महामार्ग सोडताना परतीचं अंतर धरूनच भरून घ्या: चिपळूण-गुहागर जाऊन-येऊन ९० किलोमीटर, म्हणजे १३ युनिट, वर तिथलं फिरणं. प्रत्येक टप्प्याला दोन चार्जर हेरून ठेवा आणि ॲपवर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा. हॉटेलच्या आवारातला चार्जर असेल तर फोन करून निघा, रात्री फाटक बंद असतं. ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे आधीच भरा, नेटवर्क नसलेल्या ठिकाणी ते भरता येत नाहीत. ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं. मागे रांग असताना शंभरचा हट्ट धरू नये. ट्रॅफिकमध्ये अडकलात तर धीर धरा: उभ्या गाडीत एसीला तासाला एक-दीड युनिट लागतो.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला या गाडी नेणाऱ्या फेरीबोटी वळसा वाचवतात, तेवढी बॅटरीही. फक्त भरतीच्या वेळी रॅम्पवर खारं पाणी असतं, तेव्हा घरी पोचल्यावर गाडी खालून धुवा.

खारी हवा

इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक कमी वापरले जातात, रीजनच बहुतेक काम करतं. कोकणच्या दमट खाऱ्या हवेत न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो, मग खरखर आणि ऐनवेळी कमी पकड. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, रीजन सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा आणि साठवरून वीसपर्यंत पाच-सहा वेळा नीट दाबून ब्रेक मारा. गाडी धुतल्यावर ओल्या ब्रेकने तशीच उभी करू नका, एक चक्कर मारून आणा.

गाडी खालून गोड्या पाण्याने, साध्या पाइपने पंधरवड्यातून एकदा धुवा; जोराचा जेट केशरी केबलच्या (जास्त व्होल्टच्या तारांच्या) जोडांवर मारू नका. चार्जिंग पोर्टच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर घरी खरवडू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा.

पुळणीवर गाडी घालूच नका. रुतली आणि भरती आली तर पेट्रोल गाडीचं नुकसान होतं. इथे खारं पाणी बॅटरीत शिरलं तर आत मिठाचा थर उरतो, त्यातून शॉर्ट होऊन काही दिवसांनीही आग लागू शकते.

पाऊस आणि पूर

पावसात चार्जिंग करायला हरकत नाही, पण चार्जरची पेटी आणि प्लग पडवीत, जमिनीपासून मीटरभर वर भिंतीला टांगलेले हवेत. केबल सॉकेटच्या खाली एक झोल देऊन वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलातून खाली गळतं.

बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं असतं: मीटरभर पाण्यात अर्धा तास, तेही नव्या सीलची चाचणी. ते वाचून पुरात गाडी घालू नये. चिपळुणात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या. रेड अलर्ट आला की गाडी भरून उंचावर नेऊन ठेवा. बुडालीच तर चालू करून बघू नका, चार्जरला लावू नका, घरापासून लांब उघड्यावर ठेवा आणि फ्लॅटबेडवरूनच, म्हणजे चारही चाकं ट्रकवर चढवूनच, हलवा. मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून टोचन लावलं तर मोटर फिरते आणि वीज तयार होते. विमा घेताना बॅटरी संरक्षणाचं ॲड-ऑन मागून घ्या.

निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत आठवडे लाइट नव्हती. व्ही टू एलची, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर घरची उपकरणं चालवायची, सोय असलेली गाडी अशा वेळी घर सांभाळते. पंखे, दिवे, फ्रिज मिळून सरासरी ३०० वॅट धरले तर १० युनिटमध्ये ३० तासांच्या वर निघतात. उपकरणं गाडीच्या ॲडॉप्टरलाच जोडा. ती वीज घरच्या सॉकेटमध्ये उलटी सोडली तर खांबावर चढलेला लाइनमन मरेल.

बंद घरात गाडी ठेवून जाताना

बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, भरून नको आणि रिकामीही नको. माडाखाली उभी करू नका. उंदीर वायर कुरतडतात, तेव्हा भाताच्या पेंढ्याशेजारी नको आणि बॉनेटखाली महिन्यातून एकदा कोणालातरी बघायला सांगा. जाड जांभ्याचे दगड असलेल्या पाणंदीतून नेताना सावकाश, बॅटरी खालीच असते. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, ते घेतानाच विचारा. खडीने टायरची कड फाटली तर किटचा उपयोग नाही.

मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ती बसली की रिमोट, कुलूप, पडदा सगळं बंद. रिमोटच्या आतली लोखंडी किल्ली काढून ड्रायव्हरचं दार उघडायचं, बॉनेट वर करायचं आणि दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचा. आधी लाल तार धन (+) टोकाला, मग काळी मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पत्र्याच्या जागी. गाडी ‘रेडी’ झाली की अर्धा-पाऊण तास तशीच चालू ठेवा, छोटी बॅटरी मोठीवरून भरते. तीन-चार वर्षं झाली असतील तर ती बदलूनच टाका, आणि जंपची केबल डिकीत ठेवू नका: वीज नसताना डिकी उघडत नाही.