जुनी पिकअप उघडण्याआधी: तयारीची यादी, आणि त्यात सर्वांत वर शिम

गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर, टायरमध्ये ठरलेली हवा भरून उभी करा. इंजिन अजून जागेवरच असू द्या. आता वही काढा आणि केबिनच्या प्रत्येक माउंटवर किती शिम (उंची जुळवायला घातलेल्या पातळ पट्ट्या) आहेत, कोणत्या बाजूच्या, किती जाडीच्या, ते लिहून ठेवा. पाने, ग्राइंडर, गॉगल, हातमोजे यांची यादी कुणीही करतं. शिमची नोंद कुणाच्याच यादीत नसते. ती राहून गेली की गाडी रंगून तयार झाल्यावर दारं लागत नाहीत, आणि तोवर उपाय हातातून गेलेला असतो.

कारण साधं आहे. जुन्या पिकअपची केबिन चासीला वेल्ड केलेली नसते, ती रबरी माउंटवर बोल्टने बसवलेली असते. चासीवरचे कंस कधीच एका पातळीत नसत. केबिन बसवणारा कारागीर दाराच्या फटी सारख्या होईपर्यंत रबर आणि कंसाच्या मध्ये दीड-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या सरकवत असे. म्हणून उजव्या पुढच्या कोपऱ्यात दोन शिम, डाव्या पुढच्यात एकही नाही, मागे एकीकडे तीन, असा प्रकार अगदी नेहमीचा. ही विषमताच तुमच्या गाडीचं माप आहे. ते दुसऱ्या कुठल्याही गाडीवरून मिळत नाही, मॅन्युअलमध्येही नसतं.

गंजामुळे दोन शिम चिकटून एकच वाटतात, त्यामुळे नुसतं मोजू नका, व्हर्नियरने जाडी घ्या. बोल्ट आवळलेला असतानाच दबलेल्या रबराची उंचीही घ्या, कारण नवं रबर किंवा पॉलियुरेथेनचा बुश जुन्याइतका दबलेला नसतो. नवे बुश टाकल्यावर सगळे कोपरे सारखे उचलले गेले तर हरकत नाही, कोपऱ्या-कोपऱ्यांतला फरक मात्र जुन्या नोंदीप्रमाणेच राहिला पाहिजे. रेडिएटरच्या चौकटीखाली, फेंडर आणि केबिनच्या मध्ये, दाराच्या बिजागरीमागेही शिम असतात. त्याही लिहा.

त्याच बैठकीत दारांच्या फटी घ्या. प्रत्येक दाराला किमान सहा ठिकाणी: वर पुढे, वर मागे, मधे दोन, खाली दोन. बॉनेट आणि काउलमधली (पुढच्या काचेखालच्या पत्र्यातली) फट, केबिन आणि हौद्यामधलं अंतर. हे सगळं चाकांवर वजन असताना. जॅकवर टांगलेली चासी लवते आणि मापं खोटी येतात.

जागेचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. सुटी झालेली पिकअप उभ्या गाडीच्या तिप्पट जागा मागते: हौदा एकीकडे, केबिन दुसरीकडे, बॉनेट-फेंडर-दारं भिंतीला. पत्र्याचे भाग थेट फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी ठोकळे द्या. स्टँड वजनाच्या हिशोबाचे घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. कागदपत्रांवरचा चासी नंबर आधी जुळवा, आणि त्या जागेला ग्राइंडर लागू देऊ नका. इंजिन किंवा चासीत बदल करायचे असतील तर नोंदणीचे नियम काय म्हणतात ते कापाकापीच्या आधी विचारायचं.

बॅटरीची अर्थची (बहुधा निगेटिव्ह) तार आधी काढा. टाकीतलं पेट्रोल उपसा आणि टाकी गाडीपासून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. तिच्यावर वेल्डिंग करायचं नाही, धुतली असली तरी नाही.

बोल्ट सोडवण्याची तयारी काम सुरू होण्याच्या चार-पाच दिवस आधी करा. रोज सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारायचं, अधूनमधून बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा ठोका द्यायचा. त्याने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल आत उतरतं. तरीही हटत नसेल तर चाकी (नट) तापवा, बोल्ट नव्हे. रबराशेजारी तापवायचं असेल तर पाण्याची बादली हाताशी हवी. केबिनच्या माउंटचे बोल्ट ही वेगळी डोकेदुखी आहे: वरची चाकी फ्लोअरमधल्या पिंजऱ्यात असते, पिंजरा गंजला की चाकी बोल्टसकट गरागरा फिरते. तिथे जोर करून पत्रा फाडू नका. आतून फ्लोअरमध्ये तीन बाजूंनी छोटी खिडकी कापा, पत्रा वाकवा, चाकी पान्याने धरा, नंतर पत्रा परत बसवून वेल्ड करा.

आणि प्रत्येक बोल्ट निघाला की त्या माउंटच्या शिम लगेच तारेत ओवा. पिशवीत टाकून नंतर बघू म्हणायचं नाही. मास्किंग टेपवर पेनाने लिहिलेलं तेलाने पुसलं जातं. पत्र्याच्या तुकड्यावर पंचने ठिपके मारून बिल्ला करा, एक ठिपका पुढचा डावा, दोन ठिपके पुढचा उजवा, असं, आणि तो तारेत अडकवा. वाळूच्या माऱ्यासाठी सामान बाहेर जाईल तेव्हा शिम त्यात जाता कामा नयेत. परत येताना त्या एका डब्यात मिसळलेल्या असतील किंवा हरवलेल्या असतील. बाकीचे नट-बोल्ट पिशव्यांत, चिठ्ठी पिशवीच्या आत. फोटो भरपूर काढा, विशेषतः वायरिंगचे आणि ब्रेकच्या नळ्यांच्या वळणांचे.

केबिन उचलण्याआधी तिला आतून आधार द्या. रॉकर (दाराखालची पत्र्याची पट्टी), केबिनचे कोपरे आणि फ्लोअर कुजलेले असतील तर केबिनची ताकद संपलेली असते, आणि उचलताच दाराची चौकट पसरते. २५ मिमीचा चौकोनी पाइप बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत आडवा, एक तिरका, आणि डाव्या-उजव्या खांबांना जोडणारा एक. आधार आतल्या बाजूला घ्या, म्हणजे दार लावून फट तपासता येते. रॉकर एका वेळी एकाच बाजूचा कापायचा. दोन्ही एकदम कापले की केबिन कुठल्या आकारात उभी राहील याची खात्री नाही.

चासी उघडी पडली की हातोडी घेऊन पूर्ण लांबी ठोकत जा. घट्ट लोखंड खणखणतं, कुजलेलं भदाभदा वाजतं आणि गंजाचे पापुद्रे पडतात. मागच्या एक्सलवरचा चासीचा उंचवटा, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, आडव्या मेंबरांचे सांधे, आणि दुहेरी पत्र्याच्या आतली जागा, जिथे चिखल साचतो, या जागा सोडू नका. दोन्ही कर्ण मोजा. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चासी तिरकी आहे, पुढचं काही जोडण्याआधी ती सरळ करून घ्यायची. सैल रिव्हेट काढले तर त्या जागी भोकात घट्ट बसणारे १०.९ ग्रेडचे बोल्ट, साधे नाहीत.

पत्र्याच्या कामाला मिग वेल्डर, ०.६ मिमी तार. जुन्या तुकड्याच्या कडेला पत्रा पातळ झालेला असतो, म्हणून खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापत जा, नाहीतर वेल्ड भोकच पाडत जाईल. टाके २५-३० मिमी अंतराने, एक इथे एक तिथे, हाताला चटका न बसण्याइतपत थंड होऊ देत. सलग रेघ ओढली की पत्रा लाटेसारखा वाकतो आणि मग सगळं लांबीने (पुट्टीने) झाकावं लागतं. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग करू नका. उष्णतेने त्यातून फॉस्जिन तयार होतो, तो विषारी वायू आहे. डबा वाचूनच वापरा. दारं आणि बॉनेटसारख्या सपाट पत्र्यांवर वाळूचा जोरदार मारा नको, पत्रा ताणून फुगतो. तिथे स्ट्रिपर किंवा मऊ डिस्क वापरा. धुण्याच्या सोड्यात विजेने गंज काढत असाल तर अॅनोड साध्या लोखंडाचा, स्टेनलेसचा अजिबात नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. पाट्या आणि कडक बोल्ट त्यात टाकू नका, ते ठिसूळ होतात.

वेल्डिंग संपलं की रंगाच्या आधी केबिन चासीवर परत बसवा. नोंदीप्रमाणे शिम, नवे बुश, चाकं जमिनीवर, आणि इंजिन जागेवर. इंजिनाच्या वजनाने चासी पुढे थोडी लवते, त्याशिवाय घेतलेल्या फटी फसवतात. दारं लावा, फटी मोजा, वहीशी ताडा. पुढच्या माउंटची उंची बदलली की दाराची वरची फट उघडते किंवा मिटते, म्हणून आधी पुढचे कोपरे जुळवा, मग मागचे. बिजागरी सगळ्यात शेवटी. केबिन चुकीची बसली असताना बिजागरी वाकवत बसलात तर दार वर लागेल आणि खाली घासेल, आणि मूळ दोष तसाच राहील. फटी जमल्यावर शिमचा नवा आकडा लिहा आणि जुना खोडू नका.

आता ब्रेक. जुन्या गाड्यांत एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) असतो, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. तो बदलून दुहेरी सर्किटचा बसवणं हा माझ्या मते पहिला बदल, इंजिन-चाकांच्या हौशी नंतर. पुढे डिस्क बसवत असाल तर रिम कॅलिपरवर (डिस्कला पॅड दाबणाऱ्या भागावर) घासत नाही ना, हे खरेदीआधी बघा. ड्रमसाठी बनलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये आत दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या सर्किटमध्ये राहिला तर पॅड सतत टेकलेले राहतात आणि तापतात. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरच्या पातळीच्या खाली असेल तर उलट डिस्कसाठी २ पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) व्हॉल्व्ह लागतोच, नाहीतर ऑइल मागे उतरतं आणि पहिला पॅडल खोल जातो. ड्रमला १० पीएसआय. नळ्या तांबे-निकेलच्या, तोंडं दुहेरी फ्लेअरची. दाबून बसवायचे पाण्याच्या नळाचे सांधे ब्रेकवर चालत नाहीत. डॉट ३ आणि डॉट ५ ही ब्रेक ऑइलं एकत्र करू नका. जुन्या ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा, तेही मास्क लावून.

इंजिन वर्षानुवर्षं बंद असेल तर थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग क्रँक पान्याने हाताने फिरवा. फिरलं तर काँप्रेशन घ्या, सिलिंडरांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर हेड उघडावं लागणार असं धरून चाला. इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, इथेनॉल असलेल्या पेट्रोलने जुनं रबर विरघळून कार्ब्युरेटरमध्ये जातं. जुन्या प्रकारच्या सपाट टॅपेटचा नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल तर पहिल्यांदा सुरू झाल्यावर २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं चालवायचं, आयडलवर अजिबात नाही, आणि ऑइल झिंकवालं. म्हणजे रेडिएटर, पाणी, प्रज्वलनाची वेळ सगळं आधीच नीट हवं.

गाडी खाली बसवायची असेल आणि एक्सल पाट्यांच्या खालून वर घेत असाल, तर एक्सलवरची बैठक आधी नुसती टाक्यांवर धरा. गाडी चाकांवर उतरवा, पिनियनचा (एक्सलमधल्या, शाफ्टला जोडलेल्या गिअरचा) कोन मोजा, प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि उलट, १ ते ३ अंशांत येतील असे ठेवा, मगच पूर्ण वेल्ड, तेही थोडं-थोडं, नाहीतर एक्सलची नळी वाकते. शाफ्टला आत-बाहेर सरकायला २०-२५ मिमी वाव हवा. एक्सल चासीला आपटत असेल तर चासीला खाच कापून जाड प्लेटने मजबूत करावी लागते. नुसती खाच कापून सोडली तर चासी तिथेच तुटेल. ब्रेकची लवचीक नळी पुरते का, तेही बघा.

वायरिंग: कापडी आवरणाची तार ठेवू नका, सगळी नवी. ६ व्होल्टवरून १२ वर जात असाल तर बल्ब, कॉइल, गेज, वायपरची मोटर सगळं बदला किंवा व्होल्टेज कमी करा. हेडलाइटला रिले. अर्थ तीन: बॅटरी ते इंजिन, इंजिन ते चासी, चासी ते केबिन. रबरी माउंटवरची केबिन आपोआप अर्थ होत नाही, आणि रंग घासल्याशिवाय कुठलाही अर्थ धरत नाही.

रंग: लोखंडावर इपॉक्सी प्रायमर, लांबीचा थर ३ मिमीच्या आत, पेपर ८०, १८०, ३२०, ६००. दमट हवेत नको. टू-के (हार्डनर मिसळायच्या) रंगातल्या आयसोसायनेटसाठी साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा देणारा हवा. माउंटच्या कंसांवर जाड थर चढवू नका, तिथे शिम बसायची आहे.

हौदा शेवटी, केबिन पक्की झाल्यावर तिच्याशी जुळवून. फळ्यांना सहाही बाजूंनी सीलर, कडांना दोनदा.

काचा, रबर, सीट शेवटी.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांच्या चाक्या, स्टिअरिंगचे सांधे आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. यू-बोल्टखालचा नवा रंग दबतो आणि ते सैल होतातच.