लॅब्राडोर घ्यायचा का गल्लीतलं पिल्लू आणायचं? नागपूरकरांसाठी थोडं

कुत्रा घ्यायचा म्हटलं की जो तो पहिले ‘कोणत्या जातीचा घेऊ’ हेच विचारून राहिला. माझं म्हणणं, पहिले मे महिन्याचा विचार करा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि कुत्र्याला काही आपल्यासारखा घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हाच त्याचं अंग थंड होतं. पगचं नाकच चपटं, त्याला धापही धड टाकता येत नाही. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर. दिवसभर एसी लावायची तयारी नसेल तर ही दोन नावं आत्ताच खोडून टाका, कूलरच्या दमट हवेत त्यांचं भागत नाही.

आता जातिवंत कुत्र्यात पैसे कशाचे जातात? अंदाजाचे. लॅब्राडोर म्हणजे लॅब केवढा होईल, किती खाईल, स्वभाव साधारण कसा असेल हे आधीच कळतं. पण मग कागद पाहिजेच! जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर मायक्रोचिपचा नंबर असतो, तो डॉक्टरकडे स्कॅनर फिरवून पिल्लाच्या चिपशी जुळवून बघा. ‘प्युअर आहे भाऊ, कागद काय करता’ म्हणणाऱ्याकडून घेतलं तर तुम्ही क्रॉसच घेतला असं समजा, फक्त भाव जातिवंताचा दिला. आई दाखवायला सांगा, नाही दाखवली तर उठा तिथून. लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये मागच्या पायाच्या खुब्याचा त्रास वंशातून येतो म्हणून आईबापाच्या खुब्याचा एक्सरे मागायचा, लाजायचं नाही. आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या सरकारी नियमांनुसार बंदी आहे, तरी ‘छोटंच न्या, लळा लागते’ म्हणून गळ्यात मारतात.

गावठी किंवा क्रॉस पिल्लाचं उलटं. ऊन सोसतं, खायचे नखरे कमी, पण मोठेपणी केवढं होईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, त्यामुळे वन बीएचकेवाल्यांनी जमलं तर वर्षभराच्या पुढचंच कुत्रं आणावं, जे दिसतं तेच असते. गावठी म्हणजे आजारीच पडत नाही हेही खोटं, पार्वो, म्हणजे पिल्लांचा तो उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार, त्यालाही होतो. आणल्याबरोबर कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा, ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी पाहिजे, पांढरट दिसल्या तर रक्त कमी आहे, लगेच डॉक्टरकडे न्या.

जातिवंतच पाहिजे पण ऊन सोसणारा पाहिजे, तर आपल्या महाराष्ट्रातला कारवानी आहे की. फक्त त्याला पळायला मोकळं मैदान लागतं, फ्लॅटवाल्यांनी नादी लागू नये.

कोणतंही ठरवा, पूर्ण पैसे देण्याआधी किंवा घरी न्यायच्या आधी पिल्लू सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात एकदा दाखवून घ्या, आणि भाड्याच्या घरात असाल तर त्याच्याही आधी घरमालकाला विचारा.