गावच्या मैदानाचा इतिहास लोकांपुढे कसा मांडावा

गोव्याच्या क्रीडेचा इतिहास लिहायला बसणारा माणूस बहुधा साऱ्या गोव्याला एकदम हात घालतो आणि दोन-चार महिन्यांत थकतो. त्यापेक्षा आपल्या वाड्यावरचे एकच मैदान निवडावे. ते कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, जमिनीवर आहे की देवस्थानाच्या की चर्चच्या, की भातकापणी झाल्यावर कोणाच्या शेतातच खेळ रंगत असे, हे सर्वांत आधी शोधावे. या उत्तराची गरज शेवटी पुन्हा पडते.

त्यानंतर कागद. पाद्री विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी 1883 साली शिवोलीत फुटबॉल आणला, असे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. परंतु सांगणारे बहुतेक जण एकमेकांचेच ऐकून सांगतात. त्या काळचा कागद स्वतः पाहिलेला नसेल, तर टिपणात ‘असे सांगितले जाते’ एवढेच लिहावे. यात कमीपणा नाही. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळावीत. मुक्तीपूर्व काळातील बराच मजकूर पोर्तुगीजमध्ये असल्यामुळे ती भाषा येणारी घरातली एखादी आजी सोबत असली, तर काम निम्मे होते. 1962 साली सुरू झालेल्या ‘गोमन्तक’ या मराठी दैनिकापासून मराठी वाचकाला वाट सोपी होते. प्रत्येक नोंदीसोबत वृत्तपत्राचे नाव, तारीख व पान तिथल्या तिथे उतरवावे.

जुन्या खेळाडूंकडे जाऊन नुसते ‘आठवणी सांगा’ म्हटले, तर भाषण ऐकायला मिळते. संघाचा जुना फोटो समोर ठेवावा आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारावे. मागच्या रांगेत उभा असलेला, ज्याला कधीच कोणी विचारले नाही, त्याच्यापाशी बोलणे खरे खुलते. या फोटोत कोण नाही, हेही विचारावे: मुली कुठे खेळत, कोणत्या वाड्यावरच्या मुलांना मैदानात घेत नसत. उत्तर अवघडून मिळते, पण गावाचा इतिहास तेवढ्याने बदलतो. ध्वनिमुद्रणापूर्वी लेखी संमती घ्यावी.

प्रदर्शनासाठी पंचायतीचे सभागृह किंवा शाळेचा एक वर्ग पुरतो. चषक लोकांना दाखवायला आवडतात. माझा कल मात्र फाटक्या वह्यांकडे आहे. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांनी 1960च्या दशकात माकाना फुटबॉल असोसिएशन चालवली. तिचा इतिहास पुढे उभा राहू शकला, तो मागे उरलेल्या पत्रांमुळे आणि सामन्यांच्या नोंदींमुळे, आणि 2007 साली फिफाने तिला मानद सदस्यत्व दिले. आपल्या क्लबाची वर्गणीची वही म्हणूनच रद्दीत जाऊ देऊ नये. मूळ फोटो कुटुंबाकडेच राहू द्यावा आणि 600 डीपीआयवर स्कॅन करून त्याची प्रत मांडावी. लॅमिनेशन व चिकटपट्टी कटाक्षाने टाळावी, कारण आपल्या पावसाळ्यात त्याखाली ओल अडकते आणि चित्र सुटे करता येत नाही. बंद पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात.

मथळे लिहिताना अभिमान आवरावा. गोव्याने संतोष करंडक, म्हणजे राज्यांमधील राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा चषक, पहिल्यांदा जिंकला तो 1982-83च्या स्पर्धेत, बंगालसह संयुक्तपणे; तेव्हा मथळ्यातही ‘संयुक्त विजेते’ असेच लिहावे. मजकूर मराठीसोबत कोंकणीत, आणि शक्य तर रोमी (रोमन) लिपीतल्या कोंकणीतही द्यावा. नाहीतर ज्यांच्या घरातून निम्मे फोटो आले, त्यांनाच तो वाचता यायचा नाही.

मैदानावर वाहनतळ किंवा इमारत येऊ घातली, की हेच टिपण चळवळीच्या कामी येते. दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराखाली जमिनीची नोंद व प्रस्तावाची प्रत मागावी. कायद्याने तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. मग ग्रामसभेत ठराव मांडताना टिपण जोडावे, आणि त्यात पुराव्यानिशी सांगता येईल तेवढेच ठेवावे. एक तारीख खोटी निघाली, तर विरोधक सारे टिपणच बाजूला सारतात.

प्रदर्शनाच्या दाराशी एक वही व पेन ठेवावे. ‘हा माझा काका नव्हे, त्याचा भाऊ’ असे कोणी लिहिले, तर त्याच्या घरी जाऊन खातरजमा करावी आणि मथळा त्याच आठवड्यात बदलावा.