पिंग जातो, पण फोल्डर उघडत नाही

नेटवर्क सपोर्टमध्ये नव्याने येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात सांगतो: पिंगला (मशीन नेटवर्कवर आहे का, या हाकेला) उत्तर येतं, पण शेअर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायला ठेवलेलं फोल्डर, उघडत नसेल तर लगेच परमिशनला हात लावू नका. अशी फोल्डर ज्या प्रोटोकॉलने, म्हणजे मशीनमधल्या बोलीने, उघडतात त्या एसएमबीची कोणती आवृत्ती दोन्हीकडची मशीन बोलतात ते आधी बघा.

मी हे शिकलो नाशिकच्या एका सीए ऑफिसात, ऐन मार्चअखेरीस. जुना सर्व्हर काढून आम्ही लिनक्सवर सांबा, म्हणजे एसएमबी बोलणारा सर्व्हर प्रोग्रॅम, बसवला होता. पीसी सगळे जोडले गेले, पण मल्टिफंक्शन मशीनचं स्कॅन काही फोल्डरमध्ये पडेना. पासवर्ड बदलला, नवा युजर केला, शेवटी फोल्डर सगळ्यांना खुलं केलं. दोन तास गेले. चलनांचे गठ्ठे घेऊन क्लार्क मशीनपाशी खोळंबले होते. मग सांबाचा लॉग उघडला, तर गोष्ट पासवर्डपर्यंत पोचतच नव्हती. प्रोटोकॉल ठरवतानाच जोडणी तुटत होती. मशीनला फक्त एसएमबी १ येत होतं, आणि सांबाने ते ४.११ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, मुळातच बंद ठेवलंय.

कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकली की ते सुरू होतं. घाईत हात तिकडेच जातो. तरी टाकू नका. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा प्रोग्रॅम पसरला तो विंडोजच्या एसएमबी १ मधल्या त्रुटीतून, आणि ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांचं कामही त्याने अडवलं. सीएच्या सर्व्हरवर शेकडो लोकांचे हिशेब असतात, ते आपल्या भरवशावर ठेवलेले. आम्ही मशीनचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, त्यात एसएमबी २ आलं. तेही मिळालं नसतं तर स्कॅन ईमेलने पाठवायची सोय लावली असती. आणि हो, खुलं केलेलं फोल्डर त्याच दिवशी पुन्हा बंद करा, नाहीतर ते तसंच राहतं.

आवृत्ती बघायला विंडोजवर पॉवरशेलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) गेट-एसएमबीकनेक्शन ही कमांड, सांबावर एसएमबीस्टेटस. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

यानंतर येतात फाइलची नावं. विंडोजला नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखं दिसणारं कोलन चालत नाही, हे लवकर कळतं. मराठी नावांचं दुखणं मात्र सहज दिसत नाही. एका ऑफिसात जुन्या मॅकवरचा डेटा आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने लिनक्स सर्व्हरवर आणला होता. काही दिवसांनी ‘कर्मचाऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फाइल शेजारी शेजारी दिसू लागल्या, नावात काडीचाही फरक नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा दोन कोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या दोन अक्षर-क्रमांकांत, ठेवते. विंडोजच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवरून तोच ‘ऱ’ एका कोडचा येतो. लिनक्सच्या लेखी ही दोन वेगळी नावं. एक मॅडम एका फाइलमध्ये पगारवाढ भरत होत्या, दुसऱ्या मॅडम दुसरीत रजा. आरसिंकला नावांचे कोड बदलणारा आयकॉन्व्हचा पर्याय देऊन आम्ही कॉपी नव्याने केली, आणि त्या दोघींना शेजारी बसवून संध्याकाळपर्यंत एकेक ओळ जुळवत एकच यादी तयार केली.